२१ केजीचं प्रेशर आणि गुलाबी इंट्राकॅथ

शेतात पाइपलाइन टाकणाऱ्याला पाइप विकत घेताना पहिला प्रश्न विचारला जातो: किती केजीचा? चार केजीचा, सहा केजीचा की दहा केजीचा. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला किती किलो दाब तो सोसणार. नदीकाठची मोटार चालू केली आणि मधल्या एखाद्या तुकड्याला चार केजीचा पाइप असला, तर बाकी सगळा दहा केजीचा असून उपयोग नाही. फुटायचं तिथंच फुटणार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही ऊस उत्पादकाला हे शिकवावं लागत नाही.

सीटी स्कॅनच्या खोलीत कॉन्ट्रास्ट, म्हणजे आपण ज्याला 'डाय' म्हणतो ते आयोडीनचं औषध, ज्या मशीनने शिरेत ढकललं जातं त्या प्रेशर इंजेक्टरची मर्यादा साधारण ३०० ते ३२५ पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला इतके पौंड दाब) असते. ३०० पीएसआय म्हणजे २१ केजी. मोटारगाडीच्या टायरमध्ये ३२-३३ पीएसआय हवा असते, त्याच्या नऊ-दहा पट. हा दाब एका प्लॅस्टिकच्या नळीतून, दोन-तीन जोडांतून आणि एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद भोकातून जातो. तरीही सुई निवडताना, सुईला इंजेक्टरशी जोडणारी नळी म्हणजे एक्सटेन्शन निवडताना 'किती केजीचा' हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वॉर्डात जे लावलेलं असेल ते, ड्रॉवरमध्ये जे हाताला लागेल ते. वॉर्डातल्या सिस्टर, सीटीचे टेक्निशियन, नवीन रेसिडेंट डॉक्टर यांच्यासाठी हा लेख आहे. स्कॅनला आईला घेऊन आलेल्या मुलालाही तो समजावा असा प्रयत्न आहे.

एवढा दाब लागतोच कशाला? पोटाच्या साध्या कॉन्ट्रास्ट स्कॅनला नाही लागत. तिथं सेकंदाला २ ते ३ मिली वेगाने ८०-१०० मिली डाय दिला आणि साधारण ७० सेकंदांनी फोटो घेतले की काम होतं. पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अँजिओ असेल तर डाय सेकंदाला ५ ते ६ मिली वेगाने, एका गठ्ठ्याने, हृदयापर्यंत पोचावा लागतो. फुप्फुसातली गुठळी शोधायची असेल तर ४ ते ५ मिली. यकृताच्या ट्रायफेजिक (डाय दिल्यावर तीन वेगवेगळ्या वेळी फोटो घेणाऱ्या) स्कॅनला ३ ते ५. वेग कमी पडला तर डाय वाटेतच रक्तात पातळ होतो, रक्तवाहिनी पांढरी शुभ्र दिसण्याऐवजी राखाडी दिसते, आणि गुठळी आहे की नाही हे सांगता येत नाही. मग स्कॅन पुन्हा. म्हणजे किडनीवर दुसऱ्यांदा डायचा भार, पुन्हा किरणोत्सर्ग, आणि चंदगडहून पहाटेची एसटी धरून आलेल्या माणसाची अजून एक खेप.

दुसरं कारण डायचा घट्टपणा. हे पाण्यासारखं औषध नाही. उदाहरणार्थ, आयोहेक्सॉल ३५० (दर मिलीत ३५० मिलिग्रॅम आयोडीन असलेला) हा डाय २० अंश तापमानाला पाण्याच्या साधारण २० पट चिकट असतो. शरीराच्या तापमानाला, ३७ अंशाला, तो चिकटपणा निम्म्यावर येतो. आयोहेक्सॉल ३०० त्याहून पातळ: २० अंशाला १२ पटीच्या जवळ. काकवी आणि पाणी एकाच नळीतून सारख्याच जोराने ढकलून बघा, फरक लगेच कळतो. म्हणून डायची बाटली वॉर्मरमध्ये ३७ अंशाला ठेवायची. एसीची खोली, त्यात डिसेंबर-जानेवारीतली सकाळ, आणि कपाटातून थेट काढलेली थंड बाटली असेल तर इंजेक्टरला तोच वेग गाठायला जवळपास दुप्पट जोर लावावा लागतो. हे विशेषतः ३५० आणि ३७० च्या घट्ट डायला लागू आहे. ३०० च्या डायमध्ये गरम करण्याचा फरक त्यामानाने कमी पडतो.

आता इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत बसवून ठेवायची प्लॅस्टिकची बारीक नळी, जिला आपण सुईच म्हणतो. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे सगळ्यांना माहीत आहे. रंगही आंतरराष्ट्रीय प्रमाणाने ठरलेले आहेत: १८ हिरवा, २० गुलाबी, २२ निळा, २४ पिवळा. पण पाकिटावरच्या एका आकड्यामुळे पुष्कळ गैरसमज होतो. २० नंबरच्या पाकिटावर साधारण ६० मिली प्रति मिनिट असं काहीतरी छापलेलं असतं, १८ वर ९० ते १००, २२ वर ३५ च्या आसपास. हा सलाईनची बाटली वर टांगल्यावर, निव्वळ गुरुत्वाने पाणी किती वाहतं त्याचा आकडा आहे. ६० मिली प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला फक्त १ मिली. तो वाचून 'हा इंट्राकॅथ १ मिलीच्या वर चालणार नाही' असं समजणं चूक, आणि 'आकडा लिहिलाय म्हणजे प्रेशरला चालतो' असं समजणं त्याहून मोठी चूक. प्रेशर इंजेक्शनसाठी बनवलेल्या इंट्राकॅथवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात कमाल दाब पीएसआयमध्ये आणि कमाल वेग मिली प्रति सेकंदात वेगळा दिलेला असतो. तो शोधायचा. दोन कंपन्यांचे गुलाबी इंट्राकॅथ दिसायला सारखे असले तरी त्यांची मर्यादा सारखी असेलच असं नाही. रंगावरून फक्त जाडी कळते, ताकद कळत नाही.

सर्वसाधारणपणे प्रेशरला चालणाऱ्या इंट्राकॅथमध्ये २४ नंबरने सेकंदाला १ ते १.५ मिली, २२ ने २.५ ते ३, २० ने ४ ते ५ आणि १८ ने ५ ते ६ अशी कामाची मर्यादा धरतात. ३ मिलीच्या वर जायचं असेल तर २० किंवा त्याहून जाड, हा नियम मनात पक्का असू द्या. पाकिटावरची मर्यादा यापेक्षा कमी असेल तर पाकिटावरचीच खरी.

भोकाच्या रुंदीला इतकं महत्त्व का, ते एका हिशेबात कळतं. नळीतून जाणारा प्रवाह तिच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. २० नंबरचं आतलं भोक साधारण ०.८ मिमी आणि २२ नंबरचं ०.६ मिमी धरलं, तर रुंदी पाव भागाने कमी झाली. पण तेवढ्याच लांबीच्या नळीत, त्याच दाबाला, प्रवाह एक तृतीयांशाच्याही खाली येतो. लांबीचा परिणाम सरळ आहे: दुप्पट लांब, दुप्पट विरोध. पाकिटावर १८ नंबरची लांबी ४५ मिमी, २० ची ३२-३३ आणि २२ ची २५ मिमी सापडते, म्हणजे २२ ला आखूडपणाचा थोडा फायदा मिळतो, पण भोकाचं नुकसान त्याने भरून निघत नाही.

आणि वेग बघा. ०.८ मिमी भोकातून सेकंदाला ५ मिली जायचं म्हणजे इंट्राकॅथच्या टोकातून डाय सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. तेच २२ नंबरमधून ढकललं तर ताशी ६० च्या पुढे. ही पिचकारी शिरेच्या पातळ भिंतीवर आदळते. टोक भिंतीला टेकलेलं असेल, शीर वळणावर असेल, किंवा वयामुळे शीर कागदासारखी झाली असेल तर भिंत फाटते. बारीक सुई 'हळुवार' असते हा समज इथं उलटा पडतो. त्याच वेगाला बारीक सुईच शिरेला जास्त जोराने मारते.

यावर उपाय म्हणून टोकाजवळ बाजूला छिद्रं असलेले इंट्राकॅथ आले आहेत. त्यातून डाय एकाच धारेने न निघता तीन-चार वाटांनी बाहेर पडतो, टोकावरचा मार कमी होतो आणि इंट्राकॅथ शिरेत मागे ढकलला जाण्याची ओढही घटते. अशा बनावटीत २० नंबरने, काही वेळा २२ नेही, साध्या इंट्राकॅथपेक्षा जास्त वेग देता येतो. हे महाग असतात. सगळ्यांना लावायची गरज नाही. पण केमो झालेले, वारंवार सुया टोचून शिरा संपलेले रुग्ण आणि हृदयाची अँजिओ असा योग आला, तर पाच-दहा तुकडे कपाटात असलेले बरे.

पण सगळ्यात जास्त चुका इंट्राकॅथमध्ये होत नाहीत. त्या होतात इंट्राकॅथ आणि इंजेक्टर यांच्या मधल्या तुकड्यांत.

वॉर्डातून रुग्ण येतो तेव्हा हातावर इंट्राकॅथ, त्याला थ्री-वे (तीन तोंडांची छोटी चावी), थ्री-वेला पीएम लाइन म्हणतात ती लांब बारीक नळी, कधी टोकाला सुईविना जोडायचा कनेक्टर, असा सगळा लवाजमा असतो. हे सलाईन आणि औषधांसाठी उत्तम आहे. प्रेशरला नाही. साध्या थ्री-वेची आणि साध्या एक्सटेन्शनची ताकद या दाबाला पुरत नाही. मग जोड सुटतो, थ्री-वेचं शरीर तडकतं किंवा नळी फुग्यासारखी फुगून फाटते. डाय छतापर्यंत उडतो, गॅन्ट्रीवर, म्हणजे मशीनच्या गोल कड्यावर, पडतो, चिकट होऊन वाळतो. हे त्यातल्या त्यात सुदैवी अपयश, कारण रुग्णाच्या हाताला काही होत नाही. फक्त किती डाय आत गेला आणि किती बाहेर, हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरा धोका फुटण्याचा नाही, दाब खाऊन टाकण्याचा आहे. वर दिलेलं व्यासाचं गणित नळीलाही लागू पडतं. आतला व्यास १ मिमी आणि लांबी १ मीटर अशी बारीक नळी मध्ये आली, तर ३७ अंशाचा आयोहेक्सॉल ३५० सेकंदाला ५ मिलीने ढकलायला एकट्या त्या नळीसाठीच हिशेबाने ३०० पीएसआयच्या आसपास दाब लागतो. त्याच वेगाला, त्याच डायसाठी, २० नंबरच्या इंट्राकॅथला साधारण ३०-३५ पीएसआय लागतील. म्हणजे सुई बदलून बदलून थकलो, खरी अडचण मधल्या नळीत होती, असा प्रकार होतो. एक्सटेन्शन आखूड, १० ते १५ सेंटीमीटरचं, आतून रुंद आणि प्रेशरचा आकडा छापलेलं घ्यावं. डीलरकडे मागताना 'चांगलं एक्सटेन्शन' असं मागू नका. ३०० किंवा ३२५ पीएसआयचं, ल्युअर लॉकचं, अमुक लांबीचं, असं मागा, आणि पाकिटावर आकडा दिसल्याशिवाय घेऊ नका. पाइपवर केजी छापलेला नसेल तर आपला शेतकरी तो पाइप परत करतो.

ल्युअर लॉक म्हणजे आटे असलेला, फिरवून बसणारा जोड. नुसता दाबून बसवायचा ल्युअर स्लिप इथं वापरायचाच नाही. आटे फिरवतानाही दोन बोटांनी घट्ट होईपर्यंत पुरे. आर्टरी फोर्सेपने, म्हणजे चिमट्याने, आवळला तर प्लॅस्टिकच्या हबला (जोडाच्या तोंडाला) बारीक तडा जातो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, प्रेशर आल्यावरच कळतो.

पंखवाल्या इंट्राकॅथच्या पाठीवर रंगीत झाकणाचं जे छोटं बूच असतं, त्यातून वॉर्डात सिरिंजने औषध देतात. इंजेक्टरची लाइन तिथं कधीही जोडायची नाही. त्याच्या आत फक्त एक रबरी पडदा असतो. जोडायचं ते मागच्या, आट्यांच्या तोंडाला. आणि ज्या कंपनीने वरचं बूच असलेला इंट्राकॅथ प्रेशरला चालतो असं लिहून दिलेलं नाही, तो पूर्णच टाळावा.

संपूर्ण साखळीची मर्यादा म्हणजे तिच्यातल्या सगळ्यात कमजोर कडीची मर्यादा. इंट्राकॅथ ३०० चा, एक्सटेन्शन ३२५ चं, पण मधला कनेक्टर २०० चा असेल, तर इंजेक्टरवर प्रेशर लिमिट २०० च ठेवायची. लिमिट लागली की इंजेक्टर वेग आपोआप कमी करतो. अशा वेळी पडद्यावर इशारा आला की लिमिट वाढवावी असं वाटतं. ते करू नका. आधी एक्सटेन्शनची चिमटी उघडी आहे का बघा. बंद राहिलेली चिमटी हे याचं अगदी नेहमीचं कारण आहे. मग कोपर वाकलाय का, नळी चादरीखाली दुमडलीय का, डाय थंड आहे का. ह्यातलं काहीच नसेल तर वेग कमी करून प्रोटोकॉल बदला.

मेटलची बटरफ्लाय सुई, म्हणजे स्काल्प व्हेन, प्रेशरला वर्ज्य. हात जरा हलला की तिचं टोक शीर फाडतं.

शीर कुठली? कोपराच्या आतल्या खळगीतली किंवा हाताच्या पुढच्या भागातली जाड, सरळ शीर. तळहाताच्या मागच्या आणि मनगटाच्या शिरा जास्त वेगासाठी नकोत, पायाच्या त्याहून नकोत. खळगीत घालताना घडीपासून दोन-तीन बोटं खाली टोचावं, म्हणजे ३२ मिमीच्या इंट्राकॅथचं टोक वाकणाऱ्या सांध्यात अडकून राहत नाही. टोचण्याआधी तिथं नाडी लागते का हे बोटाने बघा. कोपराच्या आतल्या बाजूला धमनी आणि मज्जातंतू दोन्ही जवळ असतात.

जमल्यास उजवा हात. डाव्या हातातून आलेला डाय छातीत आडवा, मोठ्या धमनीच्या फांद्यांवरून जाऊन उजवीकडे येतो. तिथं तो दाट असताना फोटोत पांढऱ्या रेघा पसरतात आणि धमनीच्या फांद्या झाकल्या जातात. मानेची किंवा छातीची अँजिओ असेल तर हा फरक जाणवतो. साध्या पोटाच्या स्कॅनला फारसा नाही.

डायलिसिसचा फिस्टुला ज्या हातात आहे तो हात सोडून द्यायचा. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत ती बाजूही शक्यतो सोडायची. एकाच शिरेत आधी दोन वेळा टोचून फसलं असेल तर तिथंच पुन्हा घालू नका. इंट्राकॅथ बरोबर बसला तरी डाय आधीच्या भोकातून बाहेर झिरपतो. दुसरी शीर, दुसरा हात.

वॉर्डातून आलेला इंट्राकॅथ किती जुना आहे हे विचारलंच पाहिजे. २४ तासांहून जुना असेल, त्यातून अँटिबायोटिक किंवा पोटॅशियमसारखी शीर जाळणारी औषधं गेली असतील, टोचल्याच्या जागी लाली असेल, सलाईन थांबत-थांबत जात असेल, तर तो वापरू नका. बाहेरगावच्या दवाखान्यातून दोन दिवसांपूर्वी हाताच्या मागे लावलेला निळा इंट्राकॅथ घेऊन रुग्ण कोल्हापूरच्या सीटी सेंटरला पोचतो, नातेवाईक म्हणतात, 'सुई आहेच की, परत कशाला टोचता?' त्यांना शांतपणे सांगायला हवं, की ती सुई सलाईनपुरती आहे, स्कॅनला वेगळी लागते, आणि एकदा जास्त टोचणं हे हात सुजण्यापेक्षा बरं.

सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेली नळी), पीआयसीसी (दंडातून तिथवर नेलेली लांब नळी), केमो पोर्ट (कातडीखाली बसवलेली केमोची डबी) यांना हात लावण्याआधी त्यावर प्रेशर इंजेक्शनची खूण आणि आकडा आहे का बघा. पॉवर इंजेक्टेबल पीआयसीसीवर ते छापलेलं असतं. साध्या सेंट्रल लाइनमधून प्रेशरने डाय दिला तर ती शरीराच्या आत फाटू शकते, तुकडा निसटू शकतो. केमो पोर्ट प्रेशरचा असला तरी त्यात टोचायची सुईही प्रेशरचीच लागते. केमोच्या रोजच्या सुईने भागत नाही.

इंट्राकॅथ लावला. आता तपासणी. आधी १० मिली सिरिंजने सलाईन हाताने जोरात द्या. विरोध नको, दुखायला नको, टोकापुढे फुगवटा नको. मग इंजेक्टरनेच, खऱ्या डायला लागणार आहे त्याच वेगाने, २०-३० मिली सलाईनची चाचणी. या वेळी एकाने टोकापुढच्या जागेवर बोट ठेवून उभं राहायचं. शीर ठीक असेल तर बोटाखाली सरसर जाणवते. बाहेर जात असेल तर उशीसारखं वर येतं.

इथं एक बारकावा लक्षात घ्या. सलाईन पातळ असतं. त्याच वेगाला त्याचा दाब डायच्या मानाने बराच कमी राहतो. त्यामुळे सलाईनची चाचणी शीर तपासते, जोडांची ताकद तपासत नाही. सलाईन सुरळीत गेलं, म्हणून साधं एक्सटेन्शन चालून जाईल असा निष्कर्ष काढू नका. डाय येताच दाब वर चढतो आणि जोड तेव्हा सुटतो.

दुसरा बारकावा इंजेक्टरच्या पडद्यावरच्या दाबाच्या रेषेचा. मशीन दाब मोजतं तो आपल्या बाजूला, सिरिंजपाशी. तो बहुतांश नळी आणि इंट्राकॅथमध्येच खर्च होतो. शिरेत पोचतो तो त्याचा अगदी छोटा भाग. म्हणून डाय मांसात जायला लागला तरी रेषा फारशी बदलत नाही, कारण मऊ मांस जागा करून देतं. रेषा एकदम खाली पडली तर जोड सुटला, एकदम वर गेली तर कुठं तरी दुमडलं, सावकाश चढत गेली तर सलाईनच्या मागून घट्ट डाय नळीत शिरला, एवढं ती सांगते. 'प्रेशर नॉर्मल होतं' म्हणून हात ठीक होता असं होत नाही. हाताचं हातावरच बघावं लागतं.

वेळ किती कमी असतो तेही बघा. सेकंदाला ५ मिली म्हणजे १० सेकंद लक्ष गेलं नाही तर ५० मिली मांसात. पहिली ८-१० सेकंद जवळ उभं राहणं किरणं सुरू होण्याआधीच शक्य असतं, आणि फुटायचं असेल तर बहुधा तेव्हाच फुटतं. नंतर बाहेर येऊन काचेतून आणि माइकवरून लक्ष ठेवायचं.

रुग्णाला काय सांगायचं, याला मी सुईइतकंच महत्त्व देईन. 'अंगात गरम वाटेल, तोंडात लोखंडासारखी चव येईल, लघवी झाल्यासारखं वाटेल, ते सगळं दहा-वीस सेकंदांत जाईल. पण सुईच्या जागी दुखलं, ताणलं, आग झाली तर लगेच ओरडून सांगा. श्वास धरा असं मशीन सांगत असलं तरी सांगा.' हे शेवटचं वाक्य नसलं तर माणूस 'हलू नका, बोलू नका' हे प्रामाणिकपणे पाळतो आणि हात फुगेपर्यंत गप्प राहतो. सीमाभागातून आलेल्या आजीला हे कानडीतून सांगणारं कुणी जवळ असेल तर त्याला बोलवा. बेशुद्ध, लहान मूल किंवा बोलता न येणारा रुग्ण असेल तर वेग मुळातच कमी धरा. लहान मुलांत २४ चा पिवळा इंट्राकॅथ असेल तर बऱ्याचदा हाताने, सावकाश डाय देणंच बरं.

श्वासाबद्दल आणखी एक. फुप्फुसाच्या अँजिओला रुग्णाने छाती भरून, जोरात श्वास ओढला तर पोटाकडच्या मोठ्या शिरेतलं डाय नसलेलं रक्त हृदयात खेचलं जातं आणि नेमक्या फोटोच्या वेळी डायचा प्रवाह मधेच तुटतो. फोटो खराब आला की दोष इंट्राकॅथवर जातो. 'थोडाच श्वास घेऊन धरा' असा सराव आधी एकदा करून घ्या. हात डोक्यावर नेतानाही खांद्यात शीर दाबली जात नाही ना, कोपर सरळ आहे ना, हे बघूनच टेबल आत न्या.

चांगली शीर मिळालीच नाही तर? सोनोग्राफीने खोल शीर शोधता येते, पण नेहमीचा आखूड इंट्राकॅथ तिथं पोचून शिरेत जेमतेम थोडा राहतो आणि प्रेशर येताच बाहेर येतो. शिवाय खोलवर डाय साचला तर वरून लवकर दिसत नाही. तिथं लांब इंट्राकॅथ लागतो, आणि लांबीमुळे विरोध वाढतो हे धरून वेग ठरवावा लागतो. दुसरी वाट मशीनमध्येच आहे. ३५० चा डाय ५ मिलीने दिला तर सेकंदाला १.७५ ग्रॅम आयोडीन जातं, ४ मिलीने दिला तर १.४ ग्रॅम. पण एक्स-रे ट्यूबचा व्होल्टेज १२० वरून १०० केव्हीवर आणला तर तेवढंच आयोडीन साधारण पाव पट जास्त उजळ दिसतं, म्हणजे ही तूट जवळपास भरून निघते. फार जाड रुग्णात फोटो दाणेदार होतो, पण सडपातळ माणसात हे फार उपयोगी पडतं. शिरेवर जबरदस्ती करण्याआधी रेडिओलॉजिस्टशी हे बोलावं.

एकदा वापरलेलं एक्सटेन्शन धुऊन पुन्हा वापरू नका. इंजेक्टरच्या बाजूचा सेट दिवसभरासाठी प्रमाणित असला तरी रुग्णाकडची लाइन प्रत्येकाला नवी लागते. प्रेशर थांबल्यावर रक्त उलटं नळीत येतं, कधी दिसतं, कधी दिसत नाही. काविळीचे विषाणू एवढ्याशा रक्तातूनही पुढच्या माणसापर्यंत जातात. दोन-चार रुपये वाचवण्याची ही जागा नाही.

नळी जोडताना दोन्ही तोंडं सलाईनने ओली, थेंब लोंबता असताना जोडावीत, म्हणजे मध्ये हवा अडकत नाही.

एवढं करूनही डाय बाहेर जातो. प्रेशर इंजेक्शनमध्ये हे प्रमाण साधारण ०.१ ते १.२ टक्के इतकं नोंदवलेलं आहे. तसं झालं तर इंजेक्टर लगेच थांबवा, किती मिली गेलं ते लिहा, इंट्राकॅथ काढा, हात हृदयापेक्षा वर ठेवा, थंड किंवा कोमट शेक द्या. गरम की थंड यात एकमत नाही, दोन्ही वापरतात. बहुतेक सूज एक-दोन दिवसांत उतरते. पण दोन-चार तास रुग्णाला नजरेखाली ठेवा. दुखणं वाढत गेलं, बोटांना मुंग्या आल्या, बोटं गार किंवा पांढरी पडली, बोटं हलवताना कळ आली, कातडीवर फोड आले, तर सर्जनला तेव्हाच बोलवा. हाताच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा बंद पडला तर तासांचा हिशेब असतो. घरी सोडताना हीच लक्षणं कागदावर मराठीत लिहून द्या आणि रात्री फोन कुठं करायचा तेही लिहा. गगनबावड्याला पोचल्यावर सूज वाढली तर परत यायला वेळ लागतो.

आणि वॉर्डाला फोन करताना 'पेशंट सीटीला पाठवा' एवढंच म्हणू नका. 'उजव्या हातात, कोपराजवळ, २० नंबर, आजचाच, पाठीवरचं बूच नको, सीटीचं आखूड एक्सटेन्शन लावून' असं सांगा. हृदयाची अँजिओ असेल तर १८ सांगा. क्रिॲटिनिन, ॲलर्जी, मेटफॉर्मिन हे प्रश्न त्याच फोनमध्ये विचारून घ्या, तो विषय वेगळा आहे. स्कॅन झाल्यावरही इंट्राकॅथ लगेच काढू नका. डायची रिॲक्शन यायची असेल तर बहुधा पहिल्या अर्ध्या तासात येते, आणि तेव्हा हीच शीर औषध द्यायला लागते.